आंघोळ, कपडे, हालचाल वगळून

मोहालीत आजारी पडण्याची सोय उत्तम आहे. फेज सहाला मॅक्स, फेज आठला फोर्टिस, सेक्टर ७१ मध्ये आयव्ही, आणि तिथली बिलं पाहून भोवळ आलीच तर ती तपासायला पलीकडे चंदीगडचं पीजीआय. म्हातारं होण्याची सोय मात्र अजून कुठल्याच फेजला निघालेली नाही. ती ज्याने त्याने आपापल्या तळमजल्यावर करायची असते.

आमच्या तळमजल्यावर आत्या असते. वय ७८, सोलापुरात शाळेत गणित शिकवून निवृत्त, लग्न केलं नाही, आणि भाच्याच्या नोकरीपायी उतारवयात पंजाबात येऊन पडली. एके काळी वर्गातल्या साठ पोरांचे हजेरीनंबर तिला आडनावांसकट पाठ असत. हल्ली ती चहा पिऊन झाल्यावर चहा मागते. तिची आरोग्यविम्याची पॉलिसी वीसेक वर्षांची आहे. होती म्हणावं लागेल. हप्ता दरवर्षी वेळेवर, क्लेम एकही नाही. अशी ग्राहक विमा कंपनीला स्वप्नात दिसत असावी. यंदा हप्ता भरायचं आत्याच्या डोक्यातून गेलं आणि पॉलिसी लॅप्स झाली.

कंपनीचं म्हणणं, आम्ही कळवलं होतं. कळवलं होतं हे खरंच आहे. एसएमएस गेला तो पॉलिसीवर नोंदलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर निघाला एजंटाचा. ईमेलचा पत्ताही एजंटानेच फॉर्म भरता भरता तिथल्या तिथे तयार केलेला, आत्याचं नाव आणि पुढे जन्मसाल. पुढे एजंट विमा सोडून प्लॉटच्या धंद्यात गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. पत्र गेलं सोलापूरच्या पत्त्यावर; तिथल्या भाडेकरूने ते लाइटच्या बिलांखाली नीट जपून ठेवलं. पूर्वी विमा एजंट गल्लीत दिसला की माणसं मागच्या दाराने सटकायची. आता एजंटच सटकलेला असतो.

एक फोन तेवढा, कसा कोण जाणे, थेट आत्याच्या मोबाइलवर आला. तो तिने उचलला आणि समोरच्याला फैलावर घेतलं. अनोळखी माणूस पैसे भरा म्हणाला तर फोन ठेवायचा, लिंक दाबायची नाही, ओटीपी सांगायचा नाही, हे डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून घरातल्या सगळ्यांनी तिच्याकडून घोकून घेतलेलं. बाकी सगळं विसरणारी आत्या नेमकं हेच विसरली नाही. "त्याला म्हटलं, मी पोलिसात देईन तुला," हे तिने आम्हाला जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि आम्ही तिला शाबासकी दिली.

हप्ता खात्यातून आपोआप जाऊ द्यायचा होता, असा सल्ला आता सगळे देतात. जरूर द्यावा. पण १ एप्रिल २०१९ ला देना बँक बँक ऑफ बडोद्यात गेली, वर्षभराने ओरिएंटल बँक पंजाब नॅशनलमध्ये गेली, आणि पाठोपाठ किती म्हाताऱ्यांना नवे आयएफएससी आणि नवी चेकबुकं यांच्यामागे धावावं लागलं ते बँकेच्या काउंटरवर विचारा. कार्डावरून परस्पर हप्ता कापण्यावर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. त्याही वेळी पुष्कळांच्या जुन्या सूचना मुक्याने बंद पडल्या. विम्याच्या हप्त्याला एक लाखापर्यंत दर वेळी ओटीपी नको, ही सवलत यायला डिसेंबर २०२३ उजाडला. यातला प्रत्येक बदल ग्राहकाच्या भल्यासाठीच होता. फक्त ग्राहक प्रत्येक वेळी चाळिशीतला, दोन फोनवाला आणि शुद्धीवर आहे असं धरलेलं होतं.

तर आम्ही शाखेत गेलो. काउंटरवरचा तरुण गोड होता. "कोई गल नईं जी, आंटीजी दी नवी पॉलिसी करा देने आं." पाणीसुद्धा विचारलं त्याने. नवी म्हणजे काय, हे मात्र पाणी पिऊन झाल्यावर कळलं.

विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा नियम असा की वर्षाचा हप्ता एकरकमी भरत असाल तर तारीख उलटल्यावर ३० दिवसांची मुदत मिळते. महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्याला १५. त्या मुदतीत पैसे भरले की पॉलिसीचं सातत्य टिकतं. वार्षिक हप्तेवाल्याला मधल्या दिवसांतल्या आजारपणाचे पैसे मिळत नाहीत, पण निदान मागची वर्षं फुकट जात नाहीत. एकतिसाव्या दिवसापासून सगळा कंपनीच्या मर्जीचा मामला. आमच्या ध्यानात आलं ते त्यानंतर.

आता गंमत बघा. क्लेम घेतले म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. म्हणजे दरवर्षी एक ऑपरेशन करून घेणाऱ्याची पॉलिसी कंपनीला इच्छा असूनही तोडता येत नाही. वीस वर्षं एक रुपया न मागणाऱ्या आत्याची मात्र कोणाचीही इच्छा नसताना तुटते.

नवी पॉलिसी घ्यायला वयाची आडकाठी नाही, हे खरं. एप्रिल २०२४ च्या नियमांनी ६५ वर्षांची जुनी वेस काढून टाकली आणि सगळ्या वयांसाठी पॉलिसी ठेवा असं कंपन्यांना बजावलं. दार उघडं आहे, उंबरठा तेवढा कमरेइतका. वैद्यकीय तपासण्या आल्या. ७८ व्या वर्षीचा हप्ता आला. साठलेला बोनस गेला. मधुमेह आणि रक्तदाब हे आत्याचे जुने सोबती आता 'आधीपासूनचे आजार' ठरले. त्यांच्यासाठी कंपनीला ३६ महिन्यांपर्यंत थांबवता येतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा यांची प्रतीक्षा निराळी. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालल्यावर 'तुम्ही अमुक आजार लपवला' असं म्हणायची कंपनीला सोय राहत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. ते घड्याळही पुन्हा शून्यावर. आत्याला विचारलं, अठ्ठ्याहत्तर अधिक पाच किती? तिने क्षणात सांगितलं, त्र्याऐंशी. गणित शाबूत आहे.

याच काळात सरकारने ज्येष्ठांसाठी बरंच केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयने कंपन्यांना सांगितलं की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून शून्यावर आला. हप्ता स्वस्त झाला, हप्त्याची वाढ आटोक्यात आली. हप्ता विसरणाऱ्याचा विचार तेवढा राहून गेला. आणि विसरणारे काही मूठभर नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या शंभरांत सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे, सुमारे ८८ लाख माणसं. म्हातारपणाचा विमा टिकवायचा तर स्मरणशक्ती शाबूत हवी, ही अट कुठल्याच पॉलिसीत छापलेली नाही. ती छापायची गरजच पडत नाही.

अमेरिकेचे गोडवे गायची मला हौस नाही. तिथे दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा म्हणून वेगळा प्रकार आहे, त्याचे हप्ते एवढे चढले की लोक घायकुतीला आले आणि बहुतेक कंपन्यांनी तो विकणंच सोडलं. पण त्यांच्या राज्यांच्या विमा नियामकांनी मिळून जो नमुना नियम केला, त्यात एक साधी अक्कल आहे. पॉलिसी घेतानाच ग्राहकाला विचारायचं, हप्ता थकला तर तुमच्याशिवाय आणखी कोणाला कळवू? नको असेल तर तसं सहीनिशी लिहून घ्यायचं. दर दोन वर्षांनी पुन्हा विचारायचं. त्या दुसऱ्या माणसाला पत्र पाठवून ३० दिवस होईपर्यंत पॉलिसी बंद करायची नाही. आणि एवढं करूनही बंद पडली, आणि ग्राहकाची स्मृती किंवा हातपाय आधीच गेले होते असं सिद्ध झालं, तर पाच महिन्यांच्या आत मागचे हप्ते भरून तीच पॉलिसी पुन्हा चालू. उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून.

आपल्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना असतो. मेल्यावर कोणाला गाठायचं हे कंपनी आवर्जून विचारते. जिवंतपणी कोणाला गाठायचं हे विचारत नाही.

पॉलिसी पुन्हा चालू करून घ्यायची खटपट करताना मी एक अघोरी प्रकार केला. पॉलिसी वाचली. अख्खी. बारीक टायपातल्या, काय काय मिळणार नाही याच्या यादीसकट. त्या यादीत पाचव्या क्रमांकाला एक कलम आहे, आणि ते कोणा एका कंपनीचा खट्याळपणा नाही. नियामकाने मसुदा ठरवून दिलेला, म्हणून तुमच्या पॉलिसीतही बहुधा त्याच शब्दांत सापडेल. त्याचा मथितार्थ असा: आंघोळ घालणं, कपडे चढवणं, इकडून तिकडे हलवणं अशा रोजच्या कामांत मदत लागत असेल, तर ती घरी दिलेली असो की शुश्रूषागृहात, शिकलेल्या नर्सने दिलेली असो की बिनशिकलेल्या बाईने, तिचा खर्च मिळणार नाही. मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवाही वगळलेल्या आहेत. आध्यात्मिक खर्चाचा क्लेम आजवर कोणी टाकला होता कोण जाणे, पण दार आधीच लावून घेतलेलं बरं.

आत्याला आज नेमकं काय लागतं? सकाळी कॉटवरून उठवायला हात लागतो. बाथरूमच्या ओल्या फरशीवर स्टुलावर बसवून पाठीवर तांब्या ओतणारी बाई लागते. नऊवारीचा नाद केव्हाच सुटला, आता गाऊनची बटणं लावायला माणूस लागतं. स्वतः लावली तर ती एक घर सोडून लावते आणि मग दिवसभर गाऊन एका बाजूने ओढत बसते. कलम लिहिणाऱ्याने आत्याला बघूनच ते लिहिलं असावं, इतकं ते तंतोतंत आहे.

म्हणजे आत्या बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं तर कंपनी पैसे देईल. ती पडू नये म्हणून धरायला बाई ठेवली तर देणार नाही.

ती बाई मिळण्याची मोहालीत टंचाई नाही. या गावातल्या निम्म्या कोठ्यांतली तरणी माणसं कॅनडात आहेत, असं इथे बोललं जातं. आकडा कोणी मोजलेला नाही, पण संध्याकाळी बागेत फिरायला गेलात तर बाकांवर नुसते आईबाप दिसतात आणि प्रत्येकाच्या मागे एकेक 'केअरटेकर'. झारखंडहून, बंगालमधून, नेपाळहून आलेल्या पोरी. ब्यूरोवाले त्यांना बारा तासांची आणि चोवीस तासांची अशा दोन मापांत देतात. कमिशन आगाऊ, बाई आवडली नाही तर बदलून. पोरीला शिक्षण किती, सुट्टी केव्हा, ती आजारी पडली तर तिचा विमा कुठला, असले प्रश्न कोणी विचारत नाही. पावतीही मागत नाही, कारण मागून लावणार कुठे. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा विमा सक्तीचा केला. जपानमध्ये २००० पासून चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण त्यासाठी वर्गणी देतो, आणि म्हातारपणी आंघोळ घालायला येणाऱ्या माणसाचा बहुतांश पगार त्यातून निघतो. आपल्याकडे ही वर्गणी सुना आणि लेकी देतात, नोकऱ्या सोडून. तिची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

सरकारी कार्ड काढा की, असं कोणीतरी म्हणेलच. काढलं. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेली आयुष्मान वय वंदना ७० वर्षांवरच्या कोणालाही पाच लाखांपर्यंत उपचार देते, उत्पन्न विचारत नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालते. चांगली योजना आहे, घरात सत्तरीचं माणूस असेल तर या आठवड्यात कार्ड काढून टाका. फक्त दोन गोष्टी जाणून असा. तीही हॉस्पिटलात भरती झाल्यावरच कामाला येते. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, थकबाकी मिळत नाही म्हणून पंजाबातल्या खासगी हॉस्पिटलांनी आयुष्मानचे कॅशलेस उपचार थांबवले होते. सरकारची थकबाकी होती, म्हणून ती 'लॅप्स' झाली नाही.

एवढं सगळं कळूनही आम्ही त्याच जुन्या पॉलिसीसाठी झगडतो आहोत, कारण खुब्याचं हाड कलमं वाचून मोडत नाही. झगडण्याची रीत सांगून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. काउंटरवर तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका; "नवी करा देने आं" याच्या पुढे काउंटर सरकत नाही, आणि घाईघाईने नवी घेतली की जुनीचं भांडण तुम्हीच संपवलंत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, की उशीर माफ करून सातत्य कायम ठेवा. सोबत न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र आणि स्मृतिचाचणीचे कागद लावा, त्यावर तारीख हप्ता थकण्याच्या आधीची असेल तर सोन्याहून पिवळं. मागच्या वर्षांच्या पावत्या लावा. हप्त्याची सूचना नेमक्या कुठल्या नंबरवर आणि पत्त्यावर पाठवली याचा पुरावा कंपनीकडे मागा. आमच्या अर्जात सगळ्यात धारदार कागद तोच निघाला. दाद लागली नाही तर १५५२५५ वर किंवा 'बीमा भरोसा' या पोर्टलवर तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. चंदीगडात तो सेक्टर १७ मध्ये बसतो, महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं भांडण चालतं. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत गाठा म्हणजे झालं.

आयुर्विम्याचं प्रकरण थोडं दयाळू आहे. एलआयसीची नेहमीची पॉलिसी बंद पडली तर पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांपर्यंत जिवंत करता येते. मागचे हप्ते, व्याज आणि प्रकृतीचं निवेदन द्यावं लागतं. अधूनमधून महामंडळ मोहीम काढून दंडात सूटही देतं. पण तिथेही एक खोच आहे. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनी पॉलिसीवर शंका काढू शकत नाही, आणि ही तीन वर्षं पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. म्हणून प्रकृतीच्या निवेदनात 'सर्व ठीक' असं एजंटाला लिहू देऊ नका, खरं काय ते लिहा. आणि मधल्या काळात काही घडलं तर ते बंद पॉलिसीतच घडलेलं असतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असं एक प्रकरण आलं होतं. हप्ता थकलेला, ६ मार्चला अपघात झाला, ९ मार्चला घरच्यांनी हप्ता भरला, आणि काही दिवसांनी माणूस गेला. विम्याची मूळ रक्कम मिळाली, अपघाताची जादा रक्कम न्यायालयाने नाकारली. अंतर तीन दिवसांचं होतं.

आमच्या अर्जाला कंपनीचं उत्तर आलं आहे: आपलं प्रकरण विचाराधीन आहे, कृपया नोंदणीकृत मोबाइल नंबरवर येणाऱ्या संदेशाची वाट पाहावी.

तेव्हा वाचकहो, या रविवारी एक काम करा. आईवडिलांची, काका-काकूंची, आत्या-मावशीची, ज्यांची म्हणून तुम्हाला काळजी आहे त्यांची पॉलिसी कपाटातून काढा आणि पहिल्या पानावर मोबाइल नंबर कोणाचा आहे ते बघा. एजंटाचा असेल तर सोमवारी अर्ज देऊन तुमचा घाला, आणि पोच घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका.